पवनचक्की आणि माळढोक



विजेच्या विरोधात बोलायला आम्ही उभे नाही. १९४२ ते १९४६ या काळात परमपूज्य बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचे खातेही त्यांच्याकडेच होते. स्वस्त व मुबलक विजेवाचून उद्योग वाढणार नाहीत आणि गरिबाचे दारिद्र्य फिटणार नाही, ही त्यांची भूमिका होती. कोळशाच्या धुरापेक्षा वाऱ्याची, उन्हाची वीज केव्हाही बरी. मात्र पवनचक्की कुठे रोवायची आणि तारा कुठून न्यायच्या, हे कोणीतरी विचारलेच पाहिजे.

साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे. तेथील एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी सुमारे चौथ्या हिश्श्यावर आले होते. परिणामी गळ्याशी रंगीत पंखा असलेले सरडे वाढले, निर्धास्त झाले. पण अंगाने हडकले. (या सरड्याच्या कुळाचे शास्त्रीय नाव २०१६ साली आपल्या मराठी ‘सरडा’ शब्दावरूनच ठेवले गेले!)

माळढोकाचे दुखणे याहून मोठे. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले. आज तेथे त्याचे दर्शन दुर्मिळ. देशभरात उरलेत दीडशेच्या आसपास, बहुतेक जैसलमेरकडे, आणि सौर-पवन प्रकल्पांची दाटीही तिकडेच. पक्षी वजनाने जड, डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरचे कमी दिसते. तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. मादी बहुधा एका वेळी एकच अंडे घालते, तेव्हा एकेका पक्ष्याचे मरण भरून यायला वर्षे लागतात.

एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या मुलखातील तारा शक्य तेथे जमिनीखालून नेण्यास सांगितले. मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली. त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकाचा हक्क मानला. दोन्ही बाजू खऱ्या, म्हणूनच निवाडा अवघड.

आम्ही बँकेत कारकुनी करतो. कर्जाच्या कागदांत सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ हा शब्द नेहमी वाचतो. माळाला कागदावर पीक नसते, म्हणून तो फुकटचा वाटतो. तिथे धनगराच्या मेंढ्या चरतात, माळढोक अंडे घालतो, हे कुठल्या रकान्यात लिहायचे? गुजरातेत २०१२ साली कालव्यावर सौर पत्रे टाकून वीज काढली. माळ मोडावा लागला नाही. छपरे तर गावोगाव रिकामी आहेत. आपल्या विहाराच्या गच्चीचे माप आम्ही घेतले आहे. खर्चाचा अंदाज पुढील सभेत ठेवू.

जय भीम.