सेल्फ लागेना तेव्हा

गेल्या मार्चात सहा पाहुण्यांना कांदळवन दाखवून परतताना आमच्या होडीचं इंजिन सुरूच होईना. चावी फिरवली की नुसतं 'टक्'. ओहोटी लागलेली. वल्ही मारत आलो, पण धक्क्याशी पाणीच नव्हतं. पाहुण्यांना चिखलातून हाताला धरून उतरवलं. मेकॅनिक म्हणाला, "सेल्फ गेला, नवीन घाला." त्याने सांगितलेला आकडा म्हणजे गटाची दोन महिन्यांची कमाई! पैसे काढायच्या आधी शेजारच्या काकांनी बॅटरीची काळी तार सोडवून दाखवली. खाली हिरवा गंज. घासून बसवली, इंजिन लागलं.

तेव्हापासून आम्ही आधी आवाज ऐकतो. काहीच आवाज नाही? मग गिअर न्यूट्रलला आहे का, लाल दोरीची क्लिप जागेवर आहे का, बॅटरीचा मेन स्विच चालू आहे का, फ्यूज उडालाय का, ते बघा. फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा घाला, तार गुंडाळू नका. 'टकटकटक' आलं तर बहुधा बॅटरी उतरलेली. एकच 'टक्' आला तर आधी जाड तारांची टोकं बघा, मग सोलेनॉइड, म्हणजे सेल्फला करंट सोडणारा स्विच. सेल्फवर संशय सगळ्यात शेवटी.

साफ करताना काळी तार आधी काढा, बसवताना शेवटी. कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या ब्रशने घासा, कोरडं करा, नट घट्ट करून वरून व्हॅसलीन लावा. खारी हवा कुणाला सोडत नाही, म्हणून आम्ही हे दर पंधरा दिवसांनी करतो. मीटर असेल तर चार्ज झालेली बॅटरी काही तास तशीच ठेवून मोजा, 12.6 व्होल्टच्या आसपास दिसली पाहिजे. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरी तपासून घ्या.

काही पुरुष मंडळी पान्याने ठिणगी पाडून सेल्फ फिरवतात. पेट्रोलची टाकी तिथंच असते बायांनो, करू देऊ नका! सेल्फही एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, तापतो.

वरचं झाकण काढून दोरीने इंजिन ओढायची वेळ आली तर गिअर न्यूट्रलला आहे याची दोनदा खात्री करा. अशा वेळी गिअरमध्ये इंजिन लागू न देणारी सोय काम करत नाही, होडी एकदम उसळी घेते. दोरी, फ्यूज आणि पाना आम्ही होडीतच डब्यात ठेवतो. वल्हीसुद्धा.