राष्ट्रपतीच्या निवडणुकीत आपले वजन किती?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



राष्ट्रपतीच्या निवडणुकीवर बोलायचे म्हटले की सभेतली निम्मी माणसे तंबाखू मळायला घेतात. त्यांचे फारसे चुकत नाही. या निवडणुकीत आपल्या बोटाला शाई लागत नाही, गावात जीप येत नाही, भिंती रंगत नाहीत. दिल्लीत कोणीतरी कोणाला तरी निवडते आणि आपल्या शाळेतला फोटो बदलतो. मग कापूसवाल्याने आणि ज्वारीवाल्याने त्यात डोके का घालावे?

२०१९ सालचे आठवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पावसाने फुटलेला कापूस झाडावर भिजला, ज्वारीची कणसे काळी पडली. आणि नेमके त्याच वेळी मुंबईत कोणाचे सरकार बसवायचे हे पुढाऱ्यांना ठरवता येईना. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. राज्याला मुख्यमंत्री नाही, कृषिमंत्री नाही. खरिपाच्या पिकांना हेक्टरी ८ हजार आणि बागायती फळपिकांना १८ हजार रुपये, तेही दोन हेक्टरपर्यंतच, ही मदत जाहीर केली ती राज्यपालांनी. राज्यपाल कोणी नेमलेले? राष्ट्रपतींनी. आपल्या नुकसानीचा हिशोब ज्याला विचारायचा तो माणूस आपण कोणीच थेट निवडलेला नव्हता. २३ नोव्हेंबरच्या भल्या पहाटे, सहा वाजायच्याही आत, ती राजवट उठली. सहीला रात्रही आडवी आली नाही.

२०२० चे तीन शेती कायदे २७ सप्टेंबरला राष्ट्रपतींच्या सहीनेच कायदे झाले आणि २०२१ मध्ये तशाच सहीने रद्दही झाले. कायदे बरे होते की वाईट, यावर या मांडवातच दोन मते आहेत. तो वाद आज नको.

कोणी म्हणेल, राष्ट्रपती तर मंत्रिमंडळ सांगेल तिथे सही करतात. बहुतेक वेळा खरे आहे. पण लोकसभेत कोणाचेच बहुमत नसले तर कोणाला बोलवायचे हे त्या एका माणसाच्या हातात येते. १९७९ साली राष्ट्रपती संजीव रेड्डींनी चौधरी चरणसिंगांना बोलावले. शेतकऱ्याचा म्हणवणारा पंतप्रधान झाला आणि लोकसभेला तोंड न देताच महिन्याच्या आत राजीनामा देऊन बसला. बाबू जगजीवनराम म्हणत होते, मला संधी द्या. रेड्डींनी दिली नाही, लोकसभाच बरखास्त केली. या निर्णयात राष्ट्रपतींचा स्वतःचा कौल होता.

आता हा माणूस निवडतात कसा ते पाहू.

घटना समितीत प्रा. के. टी. शहा यांनी सूचना आणली होती की राष्ट्रपती सगळ्या प्रौढ मतदारांनी थेट निवडावा. ती मान्य झाली नाही. नेहरूंचे म्हणणे असे की साऱ्या देशाची मते घेऊन निवडायचे आणि हाती सत्ता द्यायची नाही, हे विसंगत होईल. हेच शहा १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत राजेंद्रबाबूंच्या विरुद्ध उभे राहिले आणि ५,०७,४०० विरुद्ध ९२,८२७ असे पडले. तेव्हापासून मत देतात ते लोकसभेचे आणि राज्यसभेचे निवडून आलेले खासदार आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले आमदार. दिल्ली आणि पुदुच्चेरीच्या आमदारांनाही पुढे हा हक्क मिळाला. नेमलेले सदस्य नाहीत. आपल्या विधान परिषदेचे ७८ जण नाहीत. आमदार म्हणून ते गाडी, भत्ता घेतात, पण या मतपेटीपाशी त्यांना जागा नाही.

इथून पुढे नीट ऐका, कारण हा काट्याचा मामला आहे आणि काट्यावर आपण जन्मभर फसत आलो आहोत. या निवडणुकीत मते नुसती मोजत नाहीत, तोलतात. आमदाराच्या मताचे वजन काढायचे तर राज्याची लोकसंख्या घ्यायची, निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागायची, आलेल्या आकड्याला पुन्हा हजाराने भागायचे. बाकी पाचशे किंवा जास्त उरली तर एक वाढवायचा. महाराष्ट्राची लोकसंख्या धरतात ५,०४,१२,२३५. तिला २८८ ने भागले की १,७५,०४२ येतात. हजाराने भागले की १७५. बाकी ४२, ती गेली. महाराष्ट्राच्या प्रत्येक आमदाराचे मत १७५ चे. उत्तर प्रदेशच्या आमदाराचे २०८, तामिळनाडूचे १७६, गोव्याचे २०, सिक्कीमचे ७.

मग देशातल्या सगळ्या आमदारांच्या वजनाची बेरीज करतात आणि ती खासदारांच्या संख्येने भागतात. हेतू असा की सगळे आमदार एका पारड्यात आणि सगळे खासदार दुसऱ्यात घातले तर काटा मध्ये उभा राहावा. २०२२ मध्ये आमदारांची बेरीज ५,४३,२३१ होती, खासदार ७७६. म्हणून प्रत्येक खासदाराचे मत ७०० चे. त्याआधी २०१७ मध्ये ते ७०८ चे होते. मधल्या काळात जम्मू-काश्मीरची विधानसभा उरली नव्हती, म्हणून बेरीजच घटली.

तुमच्यापैकी ज्यांना जनगणना आठवते त्यांनी एव्हाना मान हलवली असेल. महाराष्ट्र पाच कोटींचा कधी होता? १९७१ साली होता. काटा तिथेच अडकवून ठेवला आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने तो २००० सालापर्यंत अडकवला, २००१ च्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत. कारण रास्त आहे. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले त्यांचे वजन त्याच कारणाने घटू नये. पण खिळा काढला तर काय होईल ते आम्ही २०११ च्या जनगणनेवर मांडून पाहिले. महाराष्ट्राच्या आमदाराचे मत ३९० चे होते, उत्तर प्रदेशचे ४९६ चे, तामिळनाडूचे ३०८ चे. आज तामिळनाडू आपल्यापेक्षा एकाने वर आहे, उद्या ८२ ने खाली जाईल. उत्तर प्रदेश आज ३३ ने वर आहे, तो १०६ ने वर जाईल. हिशोब आमचा, आकडे जनगणनेचे. कोणीही पाटीवर करून पाहावा.

पण कोरडवाहू मुलखाचा खरा तोटा दोन राज्यांमधला नाही, राज्याच्या आतला आहे आणि तो होऊनही गेला. राज्याची लोकसंख्या १९७१ ची धरायची, पण राज्यातले मतदारसंघ पाडायचे २००१ च्या जनगणनेवर, असे ठरले. २००८ ला नवी आखणी आली. विदर्भाचे ६६ आमदार होते, ते ६२ झाले. ठाणे जिल्ह्याचे १३ होते, ते २४ झाले. कोणी जागा चोरली नाही. पराटीच्या पट्ट्यात पोट भरेना म्हणून पोरे तिकडे गेली, वस्ती तिकडे वाढली आणि वस्तीमागे आमदार गेले. चार आमदार, प्रत्येकी १७५, म्हणजे ७०० चे वजन. २०२२ च्या काट्याने अख्खा एक खासदार. आज विदर्भाचे ६२ आणि मराठवाड्याचे ४६ आमदार मिळून १८,९०० भरतात. महाराष्ट्राचे सगळे मिळून ५०,४००. शेतमालाला भाव नाही म्हणून गाव सुटते हे आम्ही नेहमी सांगतो. गाव सुटले की राष्ट्रपतीच्या काट्यावरचे वजनही सुटते, एवढे त्यात जोडून घ्या.

उमेदवाराला पन्नास सूचक आणि पन्नास अनुमोदक लागतात, तेही मतदार यादीतलेच. १९९७ पासून हा आकडा आहे, पूर्वी फार कमी होता. हौशे-गवशे त्यामुळे गळाले.

मतदान संसद भवनात आणि राज्यांच्या विधानभवनांत होते. यंत्र नाही, कागद. खासदाराची मतपत्रिका हिरवी, आमदाराची गुलाबी. नावापुढे शिक्का मारायचा नाही, पसंतीचा आकडा लिहायचा : १, २, ३. आकडा मराठीतला चालतो, रोमन चालतो, पण अक्षरात ‘एक’ लिहिले की मत बाद. लिहायचे आयोगाने हातात दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेननेच. खिशातला पेन काढला की मत बाद. २०२२ मध्ये ४,७५४ जणांनी मत दिले, त्यातली ५३ मते बाद झाली. म्हातारीचा शिक्का चुकला तर आपण हसतो. इथे तर कायदे करणारे चुकले. मग पेट्या दिल्लीला जातात. २०२२ ला विमानात पेटीसाठी माणसासारखे स्वतंत्र तिकीट काढले होते, शेजारी अधिकारी बसलेला. आपला कापूस केंद्रावर उघड्या गाडीत रात्रभर भिजतो, म्हणून हे सांगितले.

मोजणीत ज्याला वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त वजन मिळाले तो जिंकला. २०२२ ला वैध वजन भरले १०,५६,९८०, म्हणून लागत होते ५,२८,४९१. द्रौपदी मुर्मू यांना ६,७६,८०३ मिळाले, यशवंत सिन्हांना ३,८०,१७७. एका फेरीत काम झाले. दुसऱ्या पसंतीची गरज पडली नाही म्हणून पुष्कळ आमदारांना वाटते की २ लिहिण्यात अर्थ नाही. त्यांनी १९६९ पाहावे.

झाकीर हुसेन कारकीर्द चालू असतानाच गेले आणि निवडणूक लागली. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी. अपक्ष व्ही. व्ही. गिरी. आणि स्वतंत्र पक्ष व जनसंघाचे उमेदवार आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबई महाराष्ट्राला मिळेना म्हणून अर्थमंत्रिपद फेकून आलेले. इंदिरा गांधींनी आपल्याच पक्षाच्या लोकांना सांगितले की सदसद्विवेकबुद्धीने मत द्या. ज्याला कळायचे त्याला कळले. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. लागत होते ४,१८,१६९. कोणीच पोचले नाही. मग खालून एकेक उमेदवार बाद करत त्याच्या मतपत्रिकेवरचे २ पाहायचे आणि ते मत तेवढ्याच वजनाने त्या नावाच्या गंजीत टाकायचे. शेवटी देशमुखांची गंजी उघडली. त्यातला बहुतेक माल रेड्डींकडे गेला. रेड्डी ४,०५,४२७ वर आले, जवळजवळ ९२ हजारांची उडी. गिरींना जेमतेम साडेअठरा हजार मिळाले, पण ते ४,२०,०७७ वर पोचले. हव्या त्याहून १,९०८ जास्त. आणि ज्यांनी पुढची पसंती लिहिलीच नव्हती अशी पावणेअकरा हजारांवर वजनाची मते कोणाच्याच गंजीत न पडता वाया गेली. त्याच वर्षी काँग्रेस फुटली.

गिरी जिंकले ते पक्षादेश, ज्याला व्हिप म्हणतात, तो इथे चालत नाही म्हणून. आजही चालत नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मत गुप्त, आणि पक्षाविरुद्ध मत दिले म्हणून पक्षांतरबंदीखाली आमदारकी जात नाही. २००७ ला प्रतिभाताई पाटील उभ्या होत्या. जळगावकडच्या, आणि १९९१ ला अमरावतीतून लोकसभेवर गेलेल्या. शिवसेना तेव्हा समोरच्या आघाडीत होती, तरी मराठी बाई म्हणून तिने पाटीलबाईंना मते दिली. म्हणजे ‘वरून आदेश होता, आमचा इलाज नव्हता’ हे जे कापसाच्या भावाच्या वेळी आपल्याला ऐकवतात, ते इथे आमदाराला म्हणता येत नाही. वरून विनंती येते, दडपण येते, आमिषही येत असेल. कायद्याचा आदेश मात्र नसतो.

मुर्मू यांची मुदत २४ जुलै २०२७ ला संपते आणि त्याआधी नवी निवडणूक उरकायची आहे. काही अघटित घडले नाही तर महाराष्ट्रातून मत देतील ते नोव्हेंबर २०२४ ला आपणच निवडून दिलेले आमदार. आपल्या तालुक्याचे १७५ आजच त्यांच्या खिशात आहेत. आदल्या महिन्याभरात तालुक्याच्या बैठका लावून आमदाराला बोलवावे आणि तीन गोष्टी विचाराव्यात : नाव कोणते आणि का, दुसरी पसंती लिहिणार की कोरी ठेवणार, आणि त्या उमेदवाराला कोरडवाहू शेतीबद्दल काही विचारले का. उत्तर द्यायला तो बांधील नाही, मत गुप्त आहे. कोणत्या तालुक्यात आमदार आला आणि कोणत्या तालुक्यात नाही, एवढे कार्यकर्त्यांनी जिल्हा कचेरीला कळवावे.