डोंगरावरचं घर आणि पायाखालची जमीन

(संस्थेच्या रौप्य महोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला घर आणि गुंतवणूक या विषयावर पंधरा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. बँकेत गृहकर्जाचे कागद तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून हा विषय माझ्या वाट्याला आला असावा. मागे जेवणाची तयारी झाली आहे हे मला दिसतंय, त्यामुळे वेळ पाळतो.

गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या इमारतीतल्या बऱ्याच जणांनी मला एकच प्रश्न विचारला. मुलं पुण्याला, नागपूरला, हैदराबादला नोकरीत आहेत. त्यांच्या मोबाईलवर रोज जाहिरात येते : लोणावळा, महाबळेश्वर, चिखलदरा, थंड हवा, दरीचं दृश्य, 'सेकंड होम'. मग मुलगा फोन करतो आणि वडील मला विचारतात, "भाऊ, घेऊन टाकू काय? पेन्शनचे पैसे पडूनच आहेत." मोह होणं साहजिक आहे. आपला गोंदिया म्हणजे धानाच्या बांध्यांचा सपाट मुलूख. मे महिन्यात छतावर पाय ठेवता येत नाही. डोंगर बघायचा तर सालेकसा-दरेकसाकडे जावं लागतं. तेव्हा थंड हवेचं घर कोणाला नको वाटेल? म्हणून आज उत्तर सगळ्यांना एकदमच देतो, आणि त्यासाठी आपल्याच राज्यातलं एक उदाहरण घेतो.

ते उदाहरण लवासाचं. महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये नवी थंड हवेची ठिकाणं खाजगी क्षेत्रामार्फत वसवण्याचं धोरण आणलं. त्यातून पुणे जिल्ह्यात, मुळशी आणि वेल्हे तालुक्यांत, वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी लवासा उभं राहू लागलं. इटलीतल्या पोर्टोफिनो गावाच्या धर्तीवर रंगीत इमारती, तळ्याकाठी फिरायला रस्ता, हॉटेलं, शाळा, सगळं आखलेलं. दासवे या पहिल्या भागात बरंचसं बांधकाम झालंही. आपल्यापैकी काही जण तिथे सहलीला जाऊन फोटो काढून आले असतील. ठिकाण देखणं आहे, यात वाद नाही.

पुढे काय झालं ते तारखांनीच सांगतो. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोटीस देऊन काम जैसे थे ठेवायला सांगितलं, कारण पर्यावरणाच्या मंजुरीचा प्रश्न होता. वर्षभराने पहिल्या टप्प्याला अटींसह मंजुरी मिळाली. पण ते वर्ष बांधकाम थांबलं तरी कर्जावरचं व्याज थांबलं नाही. बँकेतल्या माणसाला यातली मेख लगेच कळते. व्याजाला रविवार नसतो. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने १,८१४ कोटी रुपयांची एक योजना मंजूर केली. मान्य झालेले दावे होते साडेसहा हजार कोटींच्या वर. ती योजनाही प्रत्यक्षात उतरली नाही. या सगळ्या काळात ज्यांनी आयुष्यभराची पुंजी घालून घर घेतलं, त्यांच्यातले शेकडो जण वाट पाहत राहिले.

आता बघा, लवासाचा धडा फक्त 'कंपनी बुडाली' एवढाच नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. त्या गावाला नगरपालिका नव्हती. २००८ मध्ये कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला. म्हणजे बांधणारी तीच आणि नकाशा मंजूर करणारीही तीच. हा दर्जा शासनाने २०१७ मध्ये काढून घेतला. रस्ता, पाणी, दिवे, कचरा हे सारं चालवण्याची जबाबदारी कंपनीची. मग कंपनीच अडचणीत आली की रस्त्यावरचा दिवा गेल्याची तक्रार कोणाकडे करायची? आपल्याकडे पाण्याची मोटर जळली तर आपण सचिवांना झोपेतून उठवतो. सचिव कंटाळून राजीनामा देतात, दुसरे सचिव येतात. भांडणं होतात, पण संस्था चालू राहते. गेली पंचवीस वर्षं आपल्याला हे इतकं नेहमीचं झालं की त्याची किंमतच जाणवत नाही.

दुसरी गोष्ट खुद्द डोंगराची. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये केंद्राने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केलं. तिथे कुठे बांधता येईल, किती उंच बांधता येईल, झाडं तोडता येतील का, यावर निर्बंध आहेत. त्यामुळे मागणी आता आजूबाजूच्या गावांकडे वळली आहे. साताऱ्यात 'नवीन महाबळेश्वर'साठी रस्ते विकास महामंडळाला नियोजन प्राधिकरण नेमलं आहे. आपल्या विदर्भात चिखलदऱ्याचं नियोजन सिडकोकडे आहे. शासनाची योजना असली म्हणजे तिथला प्रत्येक प्लॉट चांगला, असं मात्र समजू नका. योजनेच्या नावाने चार एजंट आधीच जमिनी विकत फिरत असतात.

आणि डोंगर स्वतःही काही सांगत असतो. ३० जुलै २०१४ ला पुणे जिल्ह्यातलं माळीण गाव दरडीखाली गेलं. दीडशेच्या आसपास माणसं गेली. जुलै २०२३ मध्ये रायगडात इर्शाळवाडीवर तीच वेळ आली. उत्तराखंडात जोशीमठची घरं जानेवारी २०२३ मध्ये तडकली. ते गाव जुन्या दरडीच्या मातीवर वसलंय, तिथे जड बांधकामं करू नका, असं मिश्रा समितीने १९७६ मध्येच सांगून ठेवलं होतं. शेचाळीस-सत्तेचाळीस वर्षं तो अहवाल तसाच राहिला. उतारावर सपाट जागा करायची तर डोंगर कापावा लागतो, पाण्याची वाट बदलते. पाऊस मात्र आपली जुनी वाट विसरत नाही.

मग डोंगरावर घर घ्यायचंच नाही काय? असं माझं म्हणणं नाही. घ्या, पण दृश्य बघून घेऊ नका, कागद बघून घ्या. पावसाळ्यात एकदा जाऊन बघा. जाहिरातीतले फोटो बहुधा हिवाळ्यातले असतात.

पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा किंवा आठपेक्षा जास्त सदनिकांचा प्रकल्प असेल तर महारेराची नोंदणी लागते. प्लॉट पाडून विकण्यालाही हे लागू आहे. १ मे २०१७ पासून ही व्यवस्था सुरू आहे. जाहिरातीवर नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड असायलाच हवा. तो कोड नातवाला स्कॅन करायला सांगा. प्रकल्पाची जमीन कोणाकडे गहाण आहे, किती मजल्यांना मंजुरी आहे, पूर्ण करण्याची तारीख कोणती, दावे किती चालू आहेत, हे सगळं तिथे दिसतं. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच बांधकामाला आणि जमिनीला वापरायचे, असा कायदा आहे. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. "आज टोकन द्या, उद्या भाव वाढेल" असं कोणी म्हणालं की चहा प्या आणि उठा.

जमिनीचा सातबारा बघताना मालकाचं नावच नाही, भोगवटादाराचा वर्गही बघा. वर्ग-२ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींना परवानगीशिवाय घेता येत नाही. सालेकसा, देवरी किंवा मेळघाटाकडे जमीन बघणाऱ्यांनी हे पक्कं ध्यानात ठेवावं. 'फार्म हाऊस प्लॉट' म्हणून सामायिक सातबाऱ्यावर पंचवीस जणांची नावं चढवून देतात. हद्द कोणाची कुठे, ते कोणालाच माहीत नसतं. मोजणी आली की भांडण सुरू. मंजूर ले-आउट नसेल तर तो प्लॉट नव्हे, शेताचा तुकडा आहे.

हेच नियम आपल्या गोंदियालाही लागू आहेत. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पाठोपाठ आपली संस्था नोंदली गेली. तेव्हा राईस मिल आणि रेल्वे जंक्शन ही या गावाची ओळख होती. पुढे जिल्ह्याची कार्यालयं आली, मेडिकल कॉलेज आलं, बिरसीहून विमान उडालं. कुडवा, कटंगी, फुलचूर ही गावं बघता बघता शहराला चिकटली. कालच्या बांधीत आज ले-आउटचे दगड दिसतात. बांधी म्हणजे पाणी धरून ठेवायला केलेली जागा. बोडीच्या पोटात प्लॉट घेतला तर घरात पाणी शिरल्यावर पावसाला दोष देण्यात अर्थ नाही. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला आलेला पूर आपण बघितला आहे. प्लॉट घेण्याआधी त्या गावच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "बाबाजी, इथं पाणी कुठवर येते?" त्याचं उत्तर कोणत्याही ब्रोशरमध्ये नसतं.

आता शेवटचा मुद्दा. तो आपल्या घरचाच आहे. लवासाच्या लोकांची कीव करण्याआधी आपण आपल्या पायाखाली बघू. आपल्या सदनिकांचे करारनामे आपल्या नावाने आहेत, कर्जं फिटली आहेत, घरटॅक्स आपण भरतो. पण इमारत ज्या जमिनीवर उभी आहे, त्या जमिनीचं अभिहस्तांतरण संस्थेच्या नावाने अजून झालेलं नाही. मिळकत पत्रिकेवर आजही बांधकाम करून देणाऱ्यांचंच नाव आहे. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याप्रमाणे संस्था नोंदल्यावर चार महिन्यांत ते व्हायला हवं होतं. पत्रं गेली, आश्वासनं आली, आणि आता ते गृहस्थही हयात नाहीत.

यावर उपाय आहे, त्याला मानीव अभिहस्तांतरण म्हणतात. बिल्डरची किंवा त्यांच्या वारसांची सही मिळत नसेल तर संस्थेला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. ते सुनावणी घेऊन आदेश देतात, मग दस्त नोंदवता येतो. संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, सभासदांचे करारनामे आणि सूची-२ चे उतारे, मंजूर नकाशा, मिळकत पत्रिका, सभेचा ठराव असे कागद लागतात. काहींचे मूळ करारनामे लोखंडी कपाटात असतील, काहींचे गावच्या घरी. एवढ्यासाठी पुढची दिवाळी येऊ देऊ नका. ज्यांनी करारनामे स्वतःच्या हाताने सही करून घेतले ते सभासद आज आपल्यात आहेत. दहा वर्षांनी वारसांच्या नावांची यादी लांबेल आणि काम अवघड होईल. उद्या कधी पुनर्विकासाचा विषय निघाला, तर जमीन ज्याच्या नावाने त्याच्याशीच सगळी बोलणी होतील.

त्याच्या जोडीला दोन कामं. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षं झालेल्या इमारतीची दर पाच वर्षांनी संरचनात्मक तपासणी करायची असते, त्यानंतर दर तीन वर्षांनी. आपली पंचवीस झाली. जिन्याखालच्या बीमचा गिलावा रंग देऊन झाकला जातो, सळई झाकली जात नाही. आणि सिंकिंग फंड म्हणजे सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी. ही रक्कम देताना आपण कुरकुर करतो. तो इमारतीचा विमा आहे असं समजा.

म्हणून समितीला माझी विनंती आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर अभिहस्तांतरण आणि संरचनात्मक तपासणी हे दोन विषय पहिल्या क्रमांकाला घ्यावेत. कागदांची छाननी करायला मी रोज सकाळी दहा ते बारा संस्थेच्या कार्यालयात बसेन. आपापला करारनामा आणि सूची-२ ची एक-एक झेरॉक्स आणून द्या. मुलांनो, तुम्ही आईबाबांना आठवण करून द्या, ही तुमची जबाबदारी.

ज्यांना डोंगरावर घर घ्यायचं त्यांनी अवश्य घ्यावं. मी चार दिवस राहायलाही येईन. पण त्याआधी ज्या घरात आपली मुलं वाढली, त्याच्याखालची जमीन आपल्या नावाने करून घेऊ.