काळ्या रेषेतला सरस

(मराठी विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासमंडळात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय होता ‘कला आणि जात’. पाऊण तासात एवढ्या विषयावर बोलायचं तर नुसती विधानं करावी लागतील आणि तुम्ही नुसत्या टाळ्या वाजवाल. म्हणून मी तो लहान करून घेतला आहे. मी फक्त लाकडी ठशावर बोलणार आहे, म्हणजे लाकडावर उलटं चित्र कोरून, शाई लावून कागदावर उमटवलेल्या चित्रावर. आणि तेही बरंचसं जपानबद्दल. जपानच का, ते एका नकाशावरून सांगते.

गुगल अर्थवर एक सोय होती. आजच्या तोक्यो-ओसाकावर दोनशे वर्षांपूर्वीचे नकाशे पसरून बघता यायचे. २००९ साली त्यावरून वाद झाला. त्या काळी जपानमध्ये नकाशेही लाकडी ठशांवरच छापले जात. हे नकाशे दिसायला फार देखणे आहेत, नद्या निळ्या, देवळं बारकाईने काढलेली. आणि गावाच्या कडेला, कुठे नदीकाठी, एका वस्तीवर लिहिलेलं असे: ‘एता’. हा शब्द ज्या दोन चिन्हांनी लिहितात त्यांचा अर्थ होतो ‘विटाळाने भरलेले’. जुना नकाशा आजच्या नकाशावर पसरला की त्या वस्तीवर आज कोणती गल्ली आहे, ते कुणालाही घरबसल्या कळत होतं. बुराकू मुक्ती संघटनेने आक्षेप घेतला आणि ते शब्द पुसले गेले.

बुराकुमिन म्हणजे या वस्त्यांतल्या माणसांचे वंशज. मेलेली गुरं ओढणं, कातडं उतरवणं, ते कमावणं, कैद्यांना देहदंड देण्याची कामं करणं हे त्यांच्या वाट्याला जन्माने आलं. वस्ती वेगळी, लग्नं आपसात, स्पर्शाचा विटाळ. तुम्हाला यात काही समजावून सांगायची गरज नाही. १८७१ साली सरकारी फर्मानाने हे सगळं कागदावर रद्द झालं. १९२२ च्या मार्चमध्ये क्योतोला त्यांनी ‘सुइहेइशा’ ही स्वतःची संघटना उभी केली. महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षं आधी. तरीही १९७५ साली उघडकीला आलं, की बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांची यादी छापून कंपन्यांना विकली जात होती, नोकरीसाठी अर्ज करणाऱ्याचा पत्ता ताडून बघता यावा म्हणून. आपल्याकडे आडनाव विचारतात, तिथे पत्ता. त्यामुळे नकाशावरचा एक शब्द ही तिथे साधी गोष्ट नाही.

आता त्या ठशाकडे येऊ. होकुसाईची ‘मोठी लाट’ तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. टी-शर्टवर असते, मोबाइलच्या कव्हरवर असते. साधारण १८३१ चं चित्र. आपण म्हणतो होकुसाईने काढलं. त्याने काय केलं, तर पातळ कागदावर काळ्या रेषेत चित्र काढलं. हा कागद रानचेरीच्या फळीवर उलटा चिकटवतात आणि कोरणारा कारागीर कागदासकट लाकूड कोरतो. म्हणजे चित्रकाराचं मूळ चित्र त्या कामात नष्ट होतं. आज जगातल्या संग्रहालयांत जी ‘लाट’ आहे, तिच्यावर होकुसाईच्या हाताची एकही रेषा नाही. प्रत्येक रेषा कोरणाऱ्याची आहे आणि प्रत्येक रंग छापणाऱ्याचा.

कोरणाऱ्यांतही उतरंड होती. मुख्य कारागीर चेहरे आणि केस कोरायचा, कपाळावरच्या केसांच्या मुळाशी केसाइतक्याच बारीक रेषा. खालचे लोक कपडे आणि अक्षरं कोरायचे. पोरगा लहानपणी उमेदवारीला लागला की दहाएक वर्षांनी कारागीर म्हणून उभा राहायचा. प्रत्येक रंगाला वेगळी फळी. प्रत्येक फळीवर कागद त्याच जागी बसावा म्हणून कोपऱ्यात एक खाच आणि कडेला एक सरळ खाच, तिला ‘केन्तो’ म्हणतात. मग छापणारा फळीवर पाण्यात कालवलेला रंग आणि तांदळाची खळ ब्रशने पसरतो, ओलसर कागद ठेवतो आणि पाठीमागून ‘बारेन’ नावाच्या चकतीने घासतो. बांबूच्या कोंबावरच्या सालपटाची दोरी वळून तिची गुंडाळी करतात, तीच ही चकती. छापखान्याचं यंत्र नाहीच, सगळा जोर खांद्याचा. चित्रावर सही कुणाची? चित्रकाराची, आणि बऱ्याचदा प्रकाशकाचा शिक्का. कोरणाऱ्याचं नाव क्वचित, छापणाऱ्याचं त्याहून क्वचित. ‘लाट’ कुणी कोरली, त्याचं नाव चित्रावर नाही. गंमत अशी, की होकुसाई स्वतः पोरवयात लाकूड कोरण्याच्या उमेदवारीला होता. त्या कामाला काय लागतं, हे त्याला हाताने माहीत होतं.

इथवरचं कलेच्या इतिहासाच्या पुस्तकांत सापडतं. चित्रकार, कोरणारा, छापणारा, प्रकाशक असा चौघांचा मेळ, आणि त्याचं भारी कौतुक: बघा, सामूहिक निर्मिती! मला त्या चौघांच्या खाली बघायचं आहे. काळी रेष ज्या शाईने छापतात, ती काजळी आणि सरस घोटून करतात. सरस म्हणजे कातड्याचे तुकडे तासन्‌तास शिजवून काढलेला डिंक. जपानीत त्याला ‘निकावा’ म्हणतात. रंग फुटू नये म्हणून कागदावर जो थर देतात, तोही सरस आणि तुरटीचा. रंग पसरायचे ब्रश घोड्याच्या केसांचे. हे कातडं कुणी उतरवलं? सरस कुठल्या वस्तीत शिजला? त्या नकाशावर ज्या शाईने ‘विटाळाने भरलेले’ हे शब्द छापले, ती शाई त्याच विटाळाने बांधलेली होती. सरस नसेल तर काजळी कागदावर टिकत नाही, बोटाला लागून निघून जाते.

माझे आजोबा कातडी कमवायचे. चुन्याचे हौद, बाभळीची साल, हिरडा, आणि कपडे कितीही धुतले तरी न जाणारा वास. आमच्या गल्लीतून जाताना लोक नाकाला रुमाल लावत. आणि गावात सुताराच्या दुकानात सरस उकळायचा तेव्हा त्याच वासाला कुणी काही म्हणत नसे. वस्तू तीच. वास कुणाच्या दारातून येतो, यावर विटाळ ठरत होता. मृदंग आणि ढोलकीचंही असंच आहे. पुडीवर थाप मारणारा पंडित, पुडी मढवणारा गावाबाहेर.

बाबासाहेबांनी श्रमांची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांत जो फरक केला, तो इथे उपयोगी पडतो. चित्रकार आणि कोरणारा यांच्यात विभागणी आहे, नाव-पैशाची विषमता आहे, पण होकुसाईसारखा माणूस एका बाजूकडून दुसरीकडे जाऊ शकला. सरस शिजवणाऱ्याला ते दार नव्हतं. या दोन गोष्टींना एकाच शब्दाने ‘विषमता’ म्हणून मोकळं होऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

विसाव्या शतकात जपानी चित्रकारांनी हा चौघांचा मेळ मोडला. १९०४ मध्ये यामामोतो कानाए याने एका कोळ्याचं छोटं चित्र केलं, स्वतः काढलेलं, स्वतः कोरलेलं, स्वतः छापलेलं. पुढे तेच चळवळीचं ब्रीद झालं आणि १९१८ साली तिची संघटना झाली. यातूनच मुनाकाता शिको आला. आओमोरीच्या लोहाराचा मुलगा, शिक्षण प्राथमिक शाळेपुरतं, नजर इतकी अधू की नाक फळीला टेकवून कोरायचा. १९५६ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात मुद्राचित्रणाचा मोठा पुरस्कार त्याला मिळाला.

लोहाराच्या पोराचं ऐकून आपल्याला बरं वाटतं, मलाही वाटलं. पण ‘सगळं एकाच हाताने’ हे ब्रीद मी जरा सावधपणे घेते. त्यात चित्रकाराने पटाशी हातात घेतली हे खरं. पण कोरणाऱ्याला कुणी चित्रकार म्हटलं का? हत्यार वर गेलं, हत्यारवाला तिथेच राहिला आणि लिथोग्राफी, फोटो आल्यावर घरी बसला. आपल्याकडे गुजरातेत पेथापूरला सागाचे ठसे कोरणारे आहेत. त्यांच्या ठशांवर कापड छापलं जातं, त्या कापडावर डिझायनरचं नाव लागतं. कलाशाळेतून बाहेर पडलेला विद्यार्थी तेच ठसे कोरायला शिकतो, तेव्हा ते ‘प्रॅक्टिस’ असते. पेथापूरच्या माणसाचा मात्र ‘पिढीजात व्यवसाय’.

तरीही त्या चळवळीतली एक गोष्ट मला घ्यावीशी वाटते. ओन्ची कोशिरो नावाच्या चित्रकाराच्या तोक्योतल्या घरी १९३९ पासून महिन्याच्या पहिल्या गुरुवारी मुद्राचित्रकार जमायचे. एकमेकांची कामं बघायची, लाकूड, रंग, कागद यांबद्दल बोलायचं. १९४४ ते १९५० या काळात त्यांनी आपल्या चित्रांचे सहा संच काढले. प्रत्येकाने आपल्या चित्राच्या प्रती छापून आणायच्या, त्या एकत्र बांधायच्या आणि संच आपसात घ्यायचे. पहिला संच निघाला तेव्हा युद्ध चालू होतं आणि चांगला कागद मिळणं मुश्कील होतं.

चीनमध्ये याचंच वेगळं रूप दिसतं. लेखक लू शुन याने १९३१ च्या ऑगस्टमध्ये शांघायला सहा दिवसांचा वुडकटचा वर्ग भरवला. विद्यार्थी तेरा. शिकवायला उचियामा काकिची हा जपानी शाळाशिक्षक, आणि दुभाषा खुद्द लू शुन. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच्या रौ शी या तरुण लेखकमित्राला गोळ्या घातल्या होत्या. त्याच्यावर उघड लिहिणं शक्य नव्हतं, तेव्हा लू शुनने कॅथे कोलविट्झ या जर्मन चित्रकर्तीचा एक वुडकट मासिकात छापायला दिला: आई आपलं मूल पुढे धरते आहे, नाव ‘बलिदान’. कळणाऱ्यांना कळलं. सोव्हिएत चित्रकारांचे वुडकट त्याला हवे होते, तर त्यांनी पैसे नकोत म्हणून सांगितलं, चिनी कागद पाठवा. त्याने कागदाचे गठ्ठे पाठवले, उलट टपाली चित्रं आली आणि १९३४ साली त्यांचा संग्रह निघाला. कोरा कागद गेला आणि छापलेला परत आला, याहून चांगला सौदा मी ऐकलेला नाही.

ही चिनी चित्रं पुढे बंगालमध्ये पोचली. सोमनाथ होर यांनी तेभागा आंदोलनातल्या शेतकऱ्यांची चित्रं केली, त्यांच्यावर चिनी वुडकटचा प्रभाव आहे. चित्तप्रसाद मुंबईत अंधेरीला राहून लिनोवर कोरत राहिले. त्यांनी आपलं ब्राह्मणी आडनाव टाकून दिलं होतं. आणि नागपूरच्या सवी सावरकरांना विसरून चालणार नाही. बडोद्यात मुद्राचित्रण शिकलेल्या या माणसाच्या चित्रांत पेशवाईतलं गळ्यातलं मडकं आहे, देवदासी आहेत. इथे पहिल्यांदा कोरणारा हात आणि कोरला जाणारा देह एका बाजूला आले.

चित्रांची ही अदलाबदल आज जगभर चालते. नियम सोपे आहेत. वीस जण असतील तर प्रत्येकाने एकाच मापाच्या कागदावर वीस प्रती छापायच्या, जमवणाऱ्याकडे पाठवायच्या, त्याने प्रत्येकाला सगळ्यांची एकेक प्रत असलेला संच परत पाठवायचा. तीस वर्षं कोरणाऱ्याचं चित्र आणि काल पटाशी धरलेल्याचं चित्र एकाच पेटीत येतं. सोबत लाकूड कुठलं, रंग कुठला, कुठे चुकलं, हे लिहून देतात. जी विद्या दहा वर्षं उस्तादाच्या घरी राबून मिळायची, ती आता विचारणाऱ्याला मिळते. यावर हुरळून जाण्याआधी एक बघा, ही विद्या खुली झाली ती तिच्यातली भाकरी आटल्यावर. आणि खुली म्हणजे कुणाला? चांगल्या बारेनची किंमत, हाताने केलेल्या कागदाची किंमत, परदेशी टपाल, आणि महिनाभर एका फळीवर बसायला लागणारा रिकामा वेळ. पाहुणा कुणीही चालतो, पण बूट चांगले पाहिजेत.

तरी ही पद्धत मला आवडते, आणि कारण गावाकडचं आहे. आपल्या बापजाद्यांनी जी देवाणघेवाण पाहिली ती बलुत्याची. चप्पल, मोट, दोरखंड वर्षभर द्यायचं, सुगीला खळ्यावर उभं राहायचं, आणि पाटील जे देईल ते पदरात घ्यायचं. माप त्याचं, हात त्याचा, वरून टाकलेलं. इथे वीस द्यायच्या, वीस घ्यायच्या, आणि पेटी उघडल्याशिवाय कुणाचं काय आलं ते कुणाला कळत नाही. पैशाचं गणित सुटत नाही. पण वरून टाकणाराच त्यात नाही.

म्हणून मी असं सुचवते, की या १४ एप्रिलला आपण असा एक संच करू. सध्या अकरा नावं आली आहेत. रानचेरी विसरा, लिनोलियमच्या तुकड्यावर करू, पोस्टकार्डाच्या मापात. प्रत्येकी बारा प्रती, बारावी मंडळाच्या कपाटात. बारेन नसेल तर स्टीलचा चमचा चालतो, पाठीकडून गोल गोल घासायचा. एकच अट मी घालणार आहे. चित्राखाली पेन्सिलीने आपलं नाव लिहितो, त्याच ओळीत शाई कुठली, कागद कुठला, कापायचा चाकू कुणाकडून घेतला, हे लिहायचं. माहीत नसेल तर दुकानदाराला विचारायचं. त्याला माहीत नसेल तर तो कुठून आणतो ते विचारायचं. कंटाळा येईल, पण विचारायचं.

आणि चित्रात अक्षरं घालणार असाल तर ती उलटी कोरा. ‘जय भीम’ आधी पातळ कागदावर सरळ लिहा, कागद पालथा घाला, मग गिरवा. तुकडे मागच्या टेबलावर आहेत. पातं नेहमी अंगापासून दूर चालवायचं आणि मोकळा हात पात्याच्या मागे ठेवायचा.