नवीन काय ऐकलेस?



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी मराठी वाचायला शिकलो, त्याच शाळेत सरांच्या स्मृतीप्रीत्यर्थ योजलेल्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान मला मिळाला, याबद्दल मी चालकांचा ऋणी आहे. या व्यासपीठावरून संतसाहित्य, शिक्षण, इतिहास अशा विषयांवर विद्वानांनी विचार मांडले आहेत. माझा विषय त्या मानाने हलका वाटेल. नवे गाणे, नवा चित्रपट यांविषयी सामान्य माणसाला वाटणारी उत्कंठा, असा तो विषय आहे. मात्र तो माझा मी निवडलेला नाही. सरांनीच मला तो एका प्रश्नाच्या रूपाने दिला आणि त्याचे उत्तर देण्यापूर्वीच ते गेले.

आमच्या लहानपणी, म्हणजे 1960 नंतरच्या काळात, इंदुरात बुधवारची संध्याकाळ निराळी असे. रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवरून ‘बिनाका गीतमाला’ सुरू होई. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता अशी आम्ही मुले पानाच्या दुकानापुढे उभी राहत असू. लघुलहरींवरचा तो आवाज कधी जवळ येई, कधी दूर जाई. अमीन सयानी या आठवड्याची पहिल्या पायरीवरची चीज जाहीर करीत, तेव्हा रस्त्यावर क्षणभर शांतता पसरे. माझ्याजवळ एक वही होती. तीत मी तीन रकाने आखले होते: क्रमांक, चित्रपट आणि गायक. दर आठवड्याला कोणते गाणे चढले, कोणते उतरले, याची नोंद मी बँकेच्या कारकुनाच्या निष्ठेने ठेवीत असे.

या कार्यक्रमाचा जन्मही मोठा सूचक आहे. 1952 साली डॉ. बा. वि. केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. हे मराठी गृहस्थ स्वतः संगीताचे जाणकार होते आणि चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे प्रामाणिक मत होते. आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी मात्र रेडिओचा काटा श्रीलंकेकडे फिरवला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘गीतमाला’ सुरू झाली आणि पहिल्याच कार्यक्रमाला हजारोंनी पत्रे आली. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. केसकरांनी शास्त्रीय संगीतासाठी जे केले, त्याचे मोल मी कमी लेखीत नाही. पण रुची हुकमाने घडत नाही, एवढा धडा या प्रकरणातून घेता येतो.

आता माझ्या वहीकडे वळतो. सातवीत असताना सरांच्या तासाला ती पकडली गेली. छडी खावी लागणार, अशी माझी खात्री होती. सरांनी वही चाळली, टेबलावर ठेवली आणि तास संपल्यावर मला बोलावले. म्हणाले, “अक्षर बरे आहे. पण हा हिशेब अपुरा आहे. गाणे लिहिले कोणी? चाल कोणी बांधली? आणि तुला ते आवडले का?” असे म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने आणखी तीन रकाने आखले: कवी, संगीतकार आणि ‘का आवडले’.

पहिले दोन रकाने भरणे सोपे होते. चित्रपटगृहाबाहेर गाण्यांची चोपडी काही पैशांना मिळे, तिच्यात ती नावे असत. तिसरा रकाना भरताना मात्र माझी त्रेधा उडाली. मी लिहिले, “आवाज गोड आहे.” सरांनी ते खोडले आणि म्हणाले, “गोड तर गूळही असतो. पुन्हा ऐक.”

मित्रहो, ‘पुन्हा ऐक’ हे दोन शब्द म्हणजे माझे सारे संगीतशिक्षण होय. पुन्हा ऐकू लागलो तेव्हा कळले की, तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटे मावतात आणि तेवढ्या अवकाशात मुखडा, अंतरे, वाद्यांचे तुकडे असे सगळे बसवावे लागते. ‘गाइड’ (1965) ची गाणी ऐकताना शैलेंद्रांचे शब्द आणि सचिनदेव बर्मन यांची चाल यांना वेगळे काढता येत नाही, हे जाणवले. ‘बैजू बावरा’ (1952) मध्ये ज्यांचा आवाज आहे, ते उस्ताद अमीर खाँ आमच्याच गावचे, हेही मला असेच कळले. त्या एका नावाचा माग घेत मी पुढे ख्यालाच्या बैठकीपर्यंत पोहोचलो. उथळ मानलेल्या पाण्यातून खोल पाण्याकडे जाणारी वाट असते, याचा हा माझा अनुभव आहे.

हौशी श्रोत्याची उत्कंठा केवळ त्याच्यापुरती राहत नाही. 1949 साली ‘महल’ हा चित्रपट आला. खेमचंद प्रकाश यांनी बांधलेल्या त्यातल्या एका गाण्याने सारा देश वेडावला. परंतु तबकडीवर गायिकेचे नाव नव्हते. चित्रपटातील पात्राचे ‘कामिनी’ हे नाव छापले होते, कारण पार्श्वगायकाचे नाव देण्याची तेव्हा रीत नव्हती. श्रोत्यांनी रेडिओकडे पत्रांमागून पत्रे धाडली: ही कामिनी कोण? शेवटी कंपनीकडून नाव मागवून ते जाहीर करण्यात आले. ते नाव होते लता मंगेशकर. 28 सप्टेंबर 1929 रोजी याच इंदुरात, शीख मोहल्ल्यात जन्मलेल्या मुलीचे ते नाव होते. तिच्या कर्तृत्वाला कोणाच्या पत्रांची गरज नव्हती, हे खरे. परंतु पडद्यामागच्या कलावंताला नाव असावे, ही मागणी प्रथम ज्यांनी केली, त्यांत नव्या गाण्यासाठी जीव टाकणारे अनाम श्रोतेही होते. ‘रिकामटेकडे’ म्हणून ज्यांची संभावना झाली असेल, असेच ते लोक होते.

वडीलधाऱ्यांना नव्याचा तिटकारा का वाटतो, याचाही विचार केला पाहिजे. आमच्या आजोबांना चित्रपटगीते म्हणजे धांगडधिंगा वाटे. पण ‘मानापमान’ 1911 साली रंगभूमीवर आले, तेव्हा गोविंदराव टेंब्यांच्या नव्या चालींना ‘वन्समोअर’ देणारी पिढी त्यांचीच होती आणि घरंदाज गवयांपैकी काहींना नाट्यपदे हीन वाटत होती. सी. रामचंद्र, म्हणजे आपले रामचंद्र चितळकर, यांच्या ‘अनारकली’ (1953) मधील गाण्यांवर नाके मुरडली गेली असतील. आज तीच गाणी ऐकून वृद्धांचे डोळे पाणावतात. प्रत्येक पिढी आपल्या तारुण्यातील नव्याला अभिजात म्हणते आणि मुलांच्या नव्याला गोंगाट.

हा वाद फार जुना आहे. आपल्या माळव्याशी ज्याचे नाते सांगितले जाते त्या कालिदासालाही तो चुकला नाही. विदिशेच्या राजाची कथा सांगणाऱ्या ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत प्रश्न येतो की, भासासारखे नामवंत असताना या नवख्या कवीचे नाटक कशासाठी? सूत्रधाराच्या उत्तराचा आशय असा की, जुनेपणा हा गुण नव्हे आणि नवेपणा हा दोष नव्हे; जाणता मनुष्य पारखून मग स्वीकारतो. आज आपण ज्याला कविकुलगुरू म्हणतो, तो एके काळी ‘नवीन’ होता आणि त्याला आपली बाजू मांडावी लागली होती.

सर हा भाग शिकवीत असताना मी पुढच्या बाकावर होतो. तरीही तो धडा मी विसरलो, हे आज मला कबूल करायचे आहे.

नोकरी लागली, संसार झाला, वही कपाटात गेली. 1980 नंतर स्वस्त कॅसेटी गल्लोगल्ली मिळू लागल्या. गाण्यांचा पूर आला आणि मी माझी दारे लावून घेतली. जुन्या तबकड्यांची निगा राखणारा मी स्वतःला मोठा रसिक समजू लागलो. 1990 च्या दशकाच्या मध्यावर सर आजारी असल्याचे कळले, म्हणून भेटायला गेलो. उशाला कॅसेटचे छोटे यंत्र होते. त्यांनी ओळखले आणि नेहमीचा प्रश्न केला, “नवीन काय ऐकलेस?”

मी ऐटीत म्हणालो, “सर, आता ऐकण्यासारखे उरलेच काय?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ऐकून टाकून दिलेस, की ऐकलेच नाहीस?”

मला उत्तर देता येईना. त्यांनी शेजारच्या मुलाकडून ‘रोजा’ची कॅसेट आणवली होती. ए. आर. रहमान यांचा 1992 सालचा तो पहिला चित्रपट. सर म्हणाले, “शब्द तमिळवरून हिंदीत आणलेले आहेत, ते थोडे अवघडल्यासारखे बसतात. पण वाद्यांच्या मध्ये पोराने मोकळी जागा किती ठेवली आहे, पाहा. ऐक आणि पुढच्या वेळी मला सांग.” वयाने सत्तरी गाठलेला, श्वास लागत असलेला माणूस सहावा रकाना भरीत होता आणि चाळिशीतला मी तो बंद करून बसलो होतो. पुढची वेळ आली नाही. महिन्याभरात सर गेले.

ती खंत अजून सरलेली नाही. तिचे थोडे परिमार्जन म्हणून मी ऐकू लागलो. इंदुरात नवा मराठी चित्रपट एखाद्या रविवारी सकाळच्या खेळालाच दिसे, तो काळ आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. नवी मराठी तबकडी पुण्याहून येणाऱ्या पाहुण्याच्या सामानातून यायची. म्हणूनच 2016 साली ‘सैराट’ पाहायला नातीने मला ओढून नेले, तेव्हा चित्रपटगृहात शेजारी बसलेली अमराठी मुले मराठी गाण्यावर ताल धरताना पाहून मी चकित झालो. प्रथम मला ते संगीत कर्कश वाटले. मग सरांचे शब्द आठवले. पुन्हा ऐकले, तेव्हा अजय-अतुल यांनी अमेरिकेत ध्वनिमुद्रित केलेला पाश्चात्त्य वाद्यवृंद आणि आपल्या मातीतला ठेका यांची सांगड ध्यानात आली. सगळेच आवडले असे नाही. पण जे आवडले नाही, त्याचेही कारण आता मला देता येते.

मित्रहो, तुमच्या पिढीजवळ आमच्यासारखी प्रतीक्षा नाही. गाणे प्रकाशित झाल्याच्या क्षणी ते तुमच्या हातातल्या फोनवर असते. त्याचा मला हेवा वाटतो आणि थोडी चिंताही वाटते. चित्रपट लागण्यापूर्वीच त्याने किती कोटी मिळवावेत याची चर्चा चालते. गाणे किती लाखांनी पाहिले, हे आधी विचारले जाते. पण आकड्यांचे हे वेड तुमचेच आहे असे मी कसे म्हणू? माझ्या वहीचा पहिला रकाना क्रमांकाचाच होता. दोष उत्कंठेचा नाही. उत्कंठा ही रसिकतेची पहिली पायरी आहे. पहिल्या पायरीवर उभे राहून घर पाहिले असे मात्र म्हणता येत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे: नव्याची वाट जरूर पाहा, पहिल्या दिवशी पहिला खेळ पाहा, मित्रांशी वाद घाला. मात्र एक वही ठेवा आणि तीत शेवटचा रकाना मोकळा सोडू नका. शिक्षकांना आणि पालकांना विनंती अशी की, मुलांची वही सापडली तर ती फाडू नका. तीत आणखी तीन रकाने आखून द्या.

6 फेब्रुवारी 2022 रोजी लताबाई गेल्या. 20 फेब्रुवारी 2024 रोजी अमीन सयानी गेले. बुधवारची ती संध्याकाळ आता परत यायची नाही. परंतु सरांचा प्रश्न कायम आहे आणि तो आता मी तुमच्या स्वाधीन करतो. येथून बाहेर पडल्यावर कोणी तुम्हांला विचारले, “नवीन काय ऐकलेस?”, तर तुमच्याजवळ उत्तर असावे. माझ्याजवळ त्या दिवशी ते नव्हते.

सरांच्या स्मृतीला विनम्र अभिवादन करून मी आपली रजा घेतो.