जमीन पाहावी ती वाईट सालाची



शहराबाहेर चार एकर जमीन घ्यावी, विहीर पाडावी, गाई-कोंबड्या पाळाव्या आणि जगावर कसलेही संकट आले तरी आपली चूल पेटती ठेवावी, ही इच्छा आज पुष्कळांच्या मनात आहे. अमेरिकेत अशा राहणीला होमस्टेडिंग म्हणतात. तेथील कित्येक कुटुंबे नकाशा पुढे घेऊन बसतात आणि कोणती काउंटी वस्तीला व संकटात तग धरायला योग्य, याचा हिशेब मांडतात. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्हा समजा. वस्ती विरळ असावी, जमीन स्वस्त असावी, मोठे शहर दूर असावे, अशा त्यांच्या कसोट्या. त्या कितपत खऱ्या, हे आज आम्ही एका काउंटीच्या इतिहासावरून पाहणार आहोत.

ओक्लाहोमा राज्याच्या अगदी पश्चिम टोकाला सिमॅरॉन काउंटी आहे. क्षेत्र सुमारे 1,840 चौरस मैल आणि 2020 च्या शिरगणतीप्रमाणे वस्ती 2,296. चौरस मैलास सव्वा माणूस! वरच्या कसोट्या लावल्या तर ही काउंटी पहिल्या वर्गात उत्तीर्ण होईल. पण इतकी जागा रिकामी का, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

1862 साली लिंकनच्या सहीने होमस्टेड कायदा झाला. 160 एकर जमीन घ्यावी, तीवर पाच वर्षे राहून कसावी, म्हणजे ती आपली. सिमॅरॉनचा मुलूख या कायद्याखाली 1890 नंतर खुला झाला. परंतु त्याआधीच, 1878 साली, जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भशास्त्रज्ञाने सरकारला बजावले होते की, जेथे पाऊस वीस इंचांहून कमी, तेथे पाटपाण्यावाचून शेतीचा भरवसा नाही. तेथे गुरे पाळायची तर एका कुटुंबाला 2,560 एकर कुरण लागेल. सिमॅरॉनचा पाऊस वीस इंचांच्या आतलाच. आपल्या माणदेशात ज्यांनी दिवस काढले आहेत, त्यांना याचा अर्थ सांगायला नको. पण पॉवेलचा इशारा कोणाला रुचला नाही.

मग दलाल आले. 1908 साली बॉइस सिटी या गावाचे भूखंड विक्रीस निघाले. जाहिरातीत फरसबंदी रस्ते होते, दुतर्फा झाडे होती. लोकांनी दूरदेशीहून पैसे धाडले आणि गाडी जुंपून येऊन पाहतात तो उघड्या माळावर नुसत्या खुंट्या ठोकलेल्या! चालकांना पुढे टपालाद्वारे फसवणूक केल्याबद्दल शिक्षा झाली. पण आलेल्यांपैकी कित्येक तेथेच राहिले, कारण परत जाण्यासारखे मागे काही उरले नव्हते.

त्यांच्या नशिबाने काही वर्षे पाऊस बरा पडला. पहिल्या महायुद्धात गव्हाला बुशेलमागे दोन डॉलरांहून अधिक भाव मिळाला. ट्रॅक्टर आले आणि हजारो वर्षांचे गवत नांगराखाली गेले. शहरात राहून केवळ पेरणी-कापणीपुरते येणारे मालकही निघाले. त्यांना लोक ‘सुटकेस शेतकरी’ म्हणत. 1931 साली भाव चाळीस सेंटांखाली घसरला, पाठोपाठ अवर्षण आले. हे मालक जमीन उघडी टाकून निघून गेले आणि त्यांची माती उडून शेजाऱ्याच्या शेतावर पडू लागली. ज्याने आपले शेत नीट राखले होते, त्याचेही शेत बुडाले. 14 एप्रिल 1935 च्या रविवारी काळ्या धुळीची भिंत आली आणि दिवसाढवळ्या रात्र झाली. लोक खिडक्यांवर ओल्या चादरी टांगीत, तरी मुलांच्या फुप्फुसांत धूळ जाई. गुरांना काटेरी झुडपे चारण्याची पाळी आली. 1930 साली 5,408 असलेली वस्ती 1940 मध्ये 3,654 वर आली.

जे टिकले, ते कशाच्या बळावर टिकले? घरच्या साठ्यावर तर खरेच. पण तेवढ्यावर नव्हे. सरकारने मरणपंथाची गुरे विकत घेतली, मजुरीची कामे काढली. शेतकऱ्यांनी मृदासंधारणाची मंडळे स्थापून समतल नांगरणी सुरू केली. काही जमीन तर सरकारने परत विकत घेऊन तीवर पुन्हा गवत वाढविले. तिचा काही भाग आज रीटा ब्लँका या राष्ट्रीय कुरणात आहे. जी जमीन कायद्याने घरासाठी वाटली, ती पैसे मोजून गवताला परत द्यावी लागली!

दुसऱ्या महायुद्धानंतर खोल विहिरींवर पंप बसले आणि ओगलाला या भूजलसाठ्यावर माळ हिरवा झाला. पण हा साठा पुरातन. वर्षाकाठी त्यात झिरपते थोडे, उपसले जाते फार. त्याच्या दक्षिण भागात कित्येक ठिकाणी पातळी शंभर फुटांहून अधिक खाली गेली आहे. आज विहिरीला पाणी आहे एवढ्याने भागत नाही. ते दरसाल किती खाली जाते, हे विचारले पाहिजे.

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच की, मुलूख पारखावा तो त्याच्या सर्वांत वाईट वर्षावरून. सरासरी कागदावर पडते, शेतात पडत नाही. आपल्याकडे जमीन घेणाऱ्यानेही सातबारा पाहावाच. पण विहीर मे महिन्यात पाहावी आणि डोंगराचा उतार भर जुलैत पाहावा. 30 जुलै 2014 रोजी आपल्याच जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गेले, हे आपण विसरलेलो नाही. दलालाला शेवटी भेटावे. आधी गावातील वृद्ध माणसाला विचारावे की, बाबा, वाईटात वाईट साल कोणते आणि तेव्हा तुम्ही काय केलेत?

आणि स्वतःलाही एक प्रश्न विचारावा: आपण तेथे राहायला जाणार, की सुटकेस घेऊन? विरळ वस्तीत चोर कमी असतात, तसे रात्री हाक मारली तर येणारेही कमी असतात. आपल्या बांधापलीकडची माती जो राखतो, तो आपलेही घर राखतो. संकटाच्या तयारीत धान्याच्या कणगीबरोबर असा शेजारी मोजला पाहिजे, आणि आपणही कोणाचा तरी तसा शेजारी झाले पाहिजे.