कलेच्या दारातील पायरी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मी कापडाचा व्यापारी. कलेचा जाणकार नव्हे. तथापि या वर्षी ट्रस्टने जळगाव व धुळे जिल्ह्यांतील होतकरू कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आणि प्रशिक्षण शिबिरे सुरू करण्याचा संकल्प केला आहे. नियमावली अद्याप कच्ची आहे. ती पक्की होण्यापूर्वी मला एकच प्रश्न विचारावयाचा आहे : या योजनेपर्यंत दिव्यांग कलावंत पोहोचू शकेल काय?

दिव्यांगांच्या सेवेची परंपरा आपल्या समाजाला नवी नाही. १९७५ साली जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली आणि ‘जयपूर फूट’ खेड्यापाड्यांत पोहोचला. १९८१ मध्ये अपघातात पाय गमावलेल्या सुधा चंद्रन यांनी तोच पाय बसवून १९८४ मध्ये पुन्हा रंगमंचावर नृत्य केले. मात्र त्या उदाहरणाचा उत्तरार्ध आपण विसरतो. पाय मिळाल्यावर त्यांना रंगमंचही मिळाला. आपण शिबिरात तीनचाकी सायकल देतो, आणि तीच सायकल सभागृहाच्या पायऱ्यांपाशी थांबते. तेथून पुढची जबाबदारी कोणाची?

कलेच्या इतिहासाकडे पाहिले तर दिव्यांगांना तेथे दयेने जागा मिळालेली नाही. ती त्यांनी अधिकाराने मिळविली आहे. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांची दृष्टी बालपणी फटाक्याच्या अपघाताने अधू झाली. शालेय शिक्षण अवघड झाले, तेव्हा ते मिरजेस पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गायन शिकू लागले. पुढे १९०१ मध्ये त्यांनीच लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापून संगीतशिक्षणाचे दार सर्वसामान्यांना खुले केले. आपल्याच समाजातील संगीतकार रवींद्र जैन (१९४४-२०१५) जन्मांध होते. अलीगढच्या मंदिरांतून लहानपणी भजने गाता गाता ते घडले. या दोघांनाही कोणीतरी ऐकून घेतले, म्हणून ते पुढे आले. प्रथम छापील अर्ज भरा, असे त्यांना कोणी सांगितले नाही.

आता आपल्या खानदेशाकडे या. आसोद्याच्या लेकीला, बहिणाबाई चौधरींना (१८८०-१९५१), लिहिता-वाचता येत नव्हते. त्या गाणी रचीत व म्हणत. पुत्र सोपानदेव आणि आप्तजनांनी ती टिपून घेतली, म्हणून १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्या काळी एखाद्या संस्थेने ‘स्वहस्ते लिहिलेल्या कविता अर्जासोबत जोडाव्यात’ असा नियम केला असता, तर आपली सर्वांत मोठी कवयित्री पहिल्याच छाननीत बाद झाली असती. बहिणाबाई दिव्यांग नव्हत्या. परंतु दोष अर्जात असतो, कलावंतात नव्हे, हे समजण्यास याहून जवळचे उदाहरण नाही. योगायोग असा की, ३ डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन आणि हाच बहिणाबाईंचा स्मृतिदिन.

हा विषय केवळ सद्भावनेचा उरलेला नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २९ मध्ये सांस्कृतिक जीवनाचा हक्क सांगितला आहे. दिव्यांग कलावंत व लेखकांना साहाय्य, कला त्यांना सुगम करणे, कलाविषयक अभ्यासक्रमांची त्यांना सहभागी होता येईल अशी फेररचना, या गोष्टी त्यात स्पष्ट नमूद आहेत. ही जबाबदारी शासनावर व स्थानिक संस्थांवर टाकलेली आहे. पण जे शासनाने करावे असे आपण म्हणतो, ते समाजाच्या संस्थेने आधी करून दाखवावे, यातच संस्थेचे मोठेपण आहे.

काही बंधू विचारतील, “असे अर्जदार येतात तरी किती?” व्यापाऱ्याच्या भाषेत उत्तर देतो. उंच जिन्यावर दुकान थाटणारा मालक छातीवर हात ठेवून सांगेल की, माझ्याकडे वृद्ध गिऱ्हाईक येतच नाही. त्याचे म्हणणे खरे असते, हिशेब मात्र चुकीचा असतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. त्यांत गाणारे, चित्र काढणारे, लिहिणारे कोणी नसतील, हे संभवत नाही.

म्हणून नियमावलीसाठी माझ्या काही सूचना आहेत.

पहिली सूचना अर्जाविषयी. अर्ज लेखी, ध्वनिमुद्रित किंवा चित्रफितीच्या रूपात, मराठीत वा अहिराणीतही स्वीकारावा. लेखनिकाची मदत चालेल, असे छापावे. मोबाइलवर पाठवायचा अर्ज छायाचित्राच्या रूपात नसावा. अंध व्यक्ती वाचक-प्रणालीच्या साहाय्याने अक्षरे ऐकते. छायाचित्रातील अक्षरे तिला बहुधा ऐकू येत नाहीत. कर्णबधिर अर्जदाराला मुलाखतीचा निरोप फोनवरून न देता लेखी संदेशाने द्यावा.

दुसरी सूचना, अर्जात एक ओळ असावी : ‘सहभागासाठी आपणास कोणती सोय लागेल?’ हे उत्तर परीक्षकांसमोर जाऊ नये, आणि त्यासाठी दाखलाही मागू नये. ज्याला उतार हवा, तो तसे सांगतो आहे, एवढे पुरे.

तिसरी सूचना स्थळाविषयी. उताराचे प्रमाण एकास बारा असावे लागते. सहा इंचांच्या एका पायरीला सहा फूट, तीन पायऱ्यांना अठरा फूट. आयत्या वेळी टेकवलेली फळी म्हणजे उतार नव्हे. उतार प्रेक्षागृहाबरोबर रंगमंचापर्यंतही हवा आणि प्रसाधनगृहाचे दार चाकाची खुर्ची आत जाईल एवढे रुंद हवे. निवडचाचणी केवळ जळगावात न ठेवता धुळ्यातही ठेवावी. शिरपूर-साक्रीच्या मुलाला सोबत्यासह येथवर येण्याचा भुर्दंड पडू नये. सोबत्याचा प्रवासखर्च ट्रस्टने द्यावा.

चौथी सूचना परीक्षणाविषयी. दिव्यांगांसाठी वेगळी स्पर्धा आणि सर्वांना सारखे उत्तेजनार्थ बक्षीस, हा सोपा मार्ग टाळावा. गिऱ्हाइकाच्या उंचीप्रमाणे शर्टाचे माप बदलते; कापडाचा दर्जा आपण बदलत नाही. परीक्षांत लेखनिक घेणाऱ्यास तासाला किमान वीस मिनिटे जादा देण्याचे केंद्राचे मार्गदर्शक तत्त्व आहे. तशीच मुभा चित्रकलेत द्यावी, गुण मात्र चित्रालाच द्यावेत. ‘उभे राहून गावे’ यासारखा प्रत्येक नियम तपासावा : तो कलेसाठी आवश्यक आहे, की केवळ आपल्या सवयीचा?

आता खर्च. आपण मालाची किंमत ठरविताना भाडे-हमाली आरंभीच धरतो; ती नंतरची अडचण म्हणून लिहीत नाही. सांकेतिक भाषेचा दुभाषी, सोबत्याचे भाडे, उतार हे खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवशीच धरावेत. मागाहून धरले की ते उपकार वाटू लागतात, आणि पहिली कात्रीही त्यांवरच चालते.

हे आपल्या गावात अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. दीपस्तंभ फाउंडेशनच्या ‘मनोबल’ प्रकल्पात येथेच जळगावात दिव्यांग विद्यार्थी निवासी राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. स्पर्धा परीक्षेसाठी जे होऊ शकते, ते तबल्यासाठी आणि कुंचल्यासाठी का होऊ नये?

शेवटची विनंती. नियमावली समितीत किमान दोन दिव्यांग व्यक्तींना, त्यांतील एक कलावंत असावा, मताधिकारासह घ्यावे. कापड कसे आहे, हे अंगावर घालणाऱ्यालाच अधिक कळते. विश्वस्त मंडळाने हा ठराव पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, एवढीच नम्र प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!